उणे १९६ अंशांत गोठवलेले सॉकेट आणि घरातले गाणे

घरात चांगला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जमवून मनापासून संगीत ऐकणाऱ्या मंडळींसमोर गेली काही वर्षे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. ॲम्प्लिफायरची पिन ज्यात खोचायची ते भिंतीवरचे सॉकेट आधी द्रव नायट्रोजनच्या साह्याने उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत गोठवून पुन्हा नेहमीच्या तापमानाला आणलेले असेल, तर आवाज अधिक स्वच्छ, मोकळा आणि खोल येतो, असे सांगून अशी सॉकेटे विकली जातात. पणजी, म्हापसा किंवा फोंडा येथील विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात चांगल्या प्रतीचे सोळा अँपिअरचे सॉकेट काही शे रुपयांत मिळते, तर या गोठवलेल्या सॉकेटांची किंमत काही हजारांपासून सुरू होते. विकणारे वैज्ञानिक शब्द वापरतात, विकत घेणारे अनुभवाची ग्वाही देतात, आणि ज्याला वीजशास्त्राचा फारसा परिचय नाही अशा संगीतप्रेमी माणसाला यातले काय खरे मानावे हे कळत नाही.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. अशा सॉकेटाने आवाज सुधारत नाही. परंतु नुसते उत्तर सांगून कोणाचे समाधान होणार नाही आणि होऊही नये. ज्यांना फरक ऐकू आला असे वाटते ती माणसे खोटे बोलत नसतात. त्यामुळे या दाव्यातील प्रत्येक पायरी तपासून पाहणे आवश्यक आहे.

गोठवण्याची प्रक्रिया म्हणजे नेमके काय

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो पुरेसा थंड केला की द्रव होतो आणि उणे १९६ अंशांवर उकळतो. गाईम्हशी पाळणाऱ्यांना तो परका नाही, कारण कृत्रिम रेतनाच्या कांड्या पशुवैद्य ज्या जाड भांड्यातून आणतात त्यात हाच द्रव असतो. इतक्या थंडीत एखादी वस्तू हळूहळू नेऊन, काही तास किंवा दिवसभर तशीच ठेवून, पुन्हा सावकाश नेहमीच्या तापमानाला आणणे याला क्रायोजेनिक प्रक्रिया म्हणतात. या लेखात मी तिला सरळ ‘गोठवणे’ म्हणेन.

ही प्रक्रिया बनावट नाही. यंत्रकारखान्यांत पोलादी कटर, डाय आणि बेअरिंग यांच्यासाठी ती वापरली जाते आणि तिथे तिचा उपयोग मोजून सिद्ध झालेला आहे. सॉकेट विकणारे याच प्रतिष्ठेचा आधार घेतात. पोलाद सुधारते, मग पितळ आणि तांबे का सुधारणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

पोलादाला जे लाभते ते पितळाला का लाभत नाही

कार्बनचे प्रमाण अधिक असलेले पोलाद लालभडक तापवून एकदम थंड केले, म्हणजे आपल्याकडे लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात ते केले, की त्यातील अणूंची मांडणी बदलून धातू कठीण होतो. मात्र हा बदल खोलीच्या तापमानाला पूर्ण होत नाही. जुन्या, मऊ मांडणीचे काही अंश धातूत अडकून राहतात. पोलाद शून्याच्या बरेच खाली नेले की त्या उरलेल्या अंशांपैकी बहुतेकांचे कठीण मांडणीत रूपांतर होते, शिवाय पुढे कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातू यांच्या संयुगाचे, अतिसूक्ष्म कण धातूत सर्वत्र पसरतात, आणि हत्यार अधिक काळ झिजत नाही. हे रूपांतर नंतर तापमान वाढले तरी टिकते, म्हणून या प्रक्रियेला कायमचा लाभ आहे.

तांब्याची गोष्ट निराळी आहे. तांबे १०८५ अंशांना वितळते. तिथून खाली थिजल्यापासून थेट द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत त्याच्या अणूंची मांडणी एकच राहते. पूर्ण व्हायचे राहून गेलेले कोणतेही रूपांतर त्यात शिल्लक नसते, त्यामुळे थंडी ते पूर्ण करू शकत नाही. सॉकेटातील लवचीक पात्या ज्या पितळाच्या किंवा फॉस्फर ब्राँझच्या बनवतात, त्यांतही पोलादासारखे रूपांतर घडत नाही. आणि समजा काही प्रमाणात कठीणपणा वाढला असता, तरी कठीणपणा हा झिजेविरुद्धचा गुण आहे. वीज वाहून नेण्याशी त्याचा संबंध उलटाच आहे, कारण ठोकून कठीण केलेले तांबे मऊ तांब्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनी कमी वीज वाहते.

धातूतील ‘अंतर्गत ताण’ थंडीने निघून जातो, असेही सांगितले जाते. ठोकताना किंवा वाकवताना धातूच्या अणुरचनेत जे दोष निर्माण होतात ते दूर करायचे तर अणूंना जागा बदलण्याइतकी ऊर्जा मिळावी लागते, आणि ती उष्णतेने मिळते. म्हणून कारखान्यात पितळाचा ताण काढायचा असेल तर ते दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवतात. थंडीत अणूंची हालचाल मंदावते, आणि हालचाल मंदावली की दोष जिथल्या तिथे राहतात.

थंड तांबे वीज अधिक चांगली वाहते, हे तर खरे ना?

हे अगदी खरे आहे, आणि या दाव्याला जे काही बळ आहे ते इथूनच येते. धातूचा अणुसमूह उष्णतेने सतत थरथरत असतो आणि ही थरथर इलेक्ट्रॉनच्या वाटेत अडथळा आणते. या अडथळ्याला रेझिस्टन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. तापमान उतरले की थरथर कमी होते आणि रेझिस्टन्सही उतरतो. शुद्ध तांब्याचा रेझिस्टन्स द्रव नायट्रोजनच्या तापमानाला खोलीतल्या तापमानाच्या मानाने सात-आठ पटींनी घटतो. पितळात ही घट बरीच कमी असते, कारण तिथला मोठा अडथळा तांब्यात मिसळलेल्या जस्ताच्या अणूंचा असतो आणि ते अणू थंडीने कुठे जात नाहीत.

परंतु हा लाभ धातू थंड असेपर्यंतच असतो. सॉकेट नायट्रोजनमधून काढून भिंतीवर बसवले आणि ते पणजीच्या तीस-बत्तीस अंशांच्या हवेत आले, की अणूंची थरथर पूर्ववत होते आणि रेझिस्टन्सही होता तिथे परत येतो. कॅमरलिंग ओनेस या डच शास्त्रज्ञाला १९११ मध्ये पाऱ्यातला रेझिस्टन्स पूर्णपणे नाहीसा झालेला आढळला, तो उणे २६९ अंशांच्या आसपास. आजही रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांच्या चुंबकांना द्रव हेलियमच्या थंडीत ठेवावे लागते. एकदा थंड करून परिणाम टिकवता आला असता, तर तो खर्च कोणीच केला नसता.

आकड्यांत मांडले तर

वाचकांपैकी काहींना हा भाग रुक्ष वाटेल, तरी तो वगळू नये अशी विनंती आहे, कारण या संपूर्ण वादाचा निकाल खरे तर इथेच लागतो.

घरातील सोळा अँपिअरच्या सॉकेटापर्यंत बहुधा २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर आणलेली असते. अशा वायरचा रेझिस्टन्स दर मीटरला सुमारे ०.००७४ ओहम असतो. मुख्य बोर्डापासून सॉकेटपर्यंत १५ मीटर अंतर धरले, तर फेजची आणि न्यूट्रलची मिळून ३० मीटर वायर होते आणि तिचा रेझिस्टन्स सुमारे ०.२२ ओहम भरतो. खांबावरून मीटरपर्यंत आलेली केबल आणि तिच्यामागची मैलोन्‌मैल लाईन यात धरलेलीच नाही. चांगल्या स्थितीतल्या सॉकेटात पात्या आणि पिन यांच्या जोडासकट सगळा मिळून रेझिस्टन्स काही हजारांश ओहम असतो. आपण तो ०.००५ ओहम धरू. म्हणजे केवळ घरातल्या वायरच्या तुलनेत सॉकेटाचा वाटा चाळीसांत एक इतकासुद्धा नाही.

आता या वायरवर ऊन पडल्यास काय होते ते पाहावे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. मे महिन्यात पश्चिमेची भिंत सकाळच्या मानाने दहा अंशांनी तापली, तर त्या भिंतीतून गेलेल्या ३० मीटर वायरचा रेझिस्टन्स जवळपास ०.००९ ओहमने वाढतो. ही नुसती वाढच पूर्ण सॉकेटाच्या रेझिस्टन्सपेक्षा अधिक आहे. गोठवण्याने सॉकेटाचा रेझिस्टन्स शून्य झाला असे क्षणभर मानले, तरी तो फरक दुपारच्या उन्हाने दररोज होणाऱ्या फरकापेक्षा लहान राहतो. आणि सकाळी मोकळा वाटणारा आवाज केवळ भिंतीतली वायर तापल्यामुळे दुपारी कोंदला, अशी तक्रार कोणी केलेली माझ्या ऐकिवात नाही.

दुसऱ्या बाजूने पाहू. ॲम्प्लिफायर एक अँपिअर वीज घेत असेल, तर ०.००५ ओहमच्या सॉकेटात ०.००५ व्होल्ट एवढा दाब खर्ची पडतो. जाणकार वाचक म्हणतील की ॲम्प्लिफायर वीज सलग घेत नाही, क्षणाक्षणाला झटक्यांनी घेतो आणि त्या झटक्यांत पाच अँपिअरही जाऊ शकतात. तसे धरले तरी ०.०२५ व्होल्ट होतात. आपल्याकडील वीजदाब २३० व्होल्ट असतो आणि १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी त्यात ६ टक्के वरखाली होण्याची मुभा दिलेली होती, म्हणजे जवळजवळ १४ व्होल्ट इकडे किंवा तिकडे. संध्याकाळी शेजारपाजारचे एसी आणि पंप सुरू झाले की दाब कित्येक व्होल्टांनी हलतो, हे घरातल्या स्टॅबिलायझरचा काटा पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

ॲम्प्लिफायर भिंतीतली वीज जशीच्या तशी वापरत नाही

‘शेवटी सॉकेटातून येणाऱ्या विजेचाच तर आवाज होतो,’ असे पुष्कळांना वाटते, आणि ही समजूत स्वाभाविक असली तरी बरोबर नाही. सॉकेटातली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. ॲम्प्लिफायरमध्ये आल्यावर ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, डायोड तिला एका दिशेचे वळण लावतात, आणि हजारो मायक्रोफॅरड क्षमतेचे कपॅसिटर ती साठवून ठेवतात. स्पीकरला हलवणारी वीज या साठ्यातून जाते.

आपल्या घरांच्या छपरावरच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण येथे चपखल बसते. नळाला पाणी कधी जोरात येते, कधी बारीक येते, पण न्हाणीघरातल्या नळाची धार टाकीच्या उंचीवर आणि तिच्यातल्या साठ्यावर ठरते. टाकी भरत राहील एवढे पाणी येत असेल, तर रस्त्यावरच्या वाहिनीला कोणत्या कंपनीची चावी बसवली आहे याचा न्हाणीघरात पत्ताही लागत नाही. ॲम्प्लिफायरची टाकी सेकंदाला १०० वेळा भरली जाते. शिवाय साठ्यात जी किरकोळ चढउतार राहते तिचा स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजावर परिणाम होऊ नये अशी योजना मंडलातच केलेली असते. सॉकेटातल्या काही हजारांश व्होल्टांची तर गोष्टच सोडा, कित्येक व्होल्टांचा फरकही नीट बनवलेला ॲम्प्लिफायर सहज पचवतो.

विजेतला गोंगाट तरी कमी होत असेल?

मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, पंख्याचे रेग्युलेटर आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर यांच्यामुळे वीजवाहिनीत नको असलेले उच्च वारंवारतेचे अंश मिसळतात, ही गोष्ट खरी आहे, आणि एखाद्या नाजूक उपकरणात ते खरखरीच्या किंवा टकटकीच्या रूपाने ऐकूही येऊ शकतात. मात्र हे अंश अडवायचे असतील तर ते वेगळे ओळखून बाजूला काढणारी रचना लागते, आणि ती कॉइल व कपॅसिटर यांच्या फिल्टरमध्ये असते. सॉकेटातली पितळी पाती म्हणजे धातूचा एक तुकडा. गाण्याला लागणारी वीज आणि नको असलेली वीज यांत निवड करण्याचे कोणतेही साधन तिच्याजवळ नाही, मग ती गोठवलेली असो वा नसो.

‘पण मी स्वतः फरक ऐकला आहे’

या आक्षेपाला मी सर्वांत अधिक मान देतो. वर्षानुवर्षे तंबोऱ्याचा जवारीदार नाद ऐकत आलेल्या माणसाला ‘तुमचे कान खोटे बोलतात’ असे सुनावणे उद्धटपणाचे होईल आणि चुकीचेही. त्याचे कान उत्तम असतील. परंतु ऐकणे ही केवळ कानाची क्रिया नाही. कानाकडून आलेल्या संकेतांना मेंदू आपल्या अपेक्षेची, डोळ्यांना दिसलेल्या वस्तूची आणि त्या क्षणीच्या लक्षाची जोड देतो, आणि मग आपल्याला ‘आवाज’ जाणवतो. तीच चीज दुसऱ्यांदा ऐकताना आपण पहिल्या वेळी निसटलेली मुरकी टिपतो. मधल्या काळात सॉकेट बदललेले असेल, तर त्या मुरकीचे श्रेय सॉकेटला जाते. जाणवलेला फरक खरा असतो, पण तो ऐकणाऱ्याच्या लक्षात पडलेला असतो.

याचा पुरावा आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्पीकर बनवणाऱ्या एका कंपनीतल्याच चाळीस जणांना तेच स्पीकर एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. दिसत असताना त्यांची पसंती स्पीकरचा आकार, किंमत आणि नाव यांच्या बाजूने झुकली. याहून महत्त्वाचे म्हणजे स्पीकरची जागा बदलल्यामुळे आवाजात पडणारा खरा फरक त्यांना पडद्याआडून जास्त स्पष्ट कळला. डोळ्यांनी नसलेले फरक दाखवले आणि असलेले झाकले.

धातू गोठवण्याच्या बाबतीतही अशी परीक्षा झालेली आहे. ट्रंपेट गोठवला की अधिक खुलून वाजतो, अशी समजूत अमेरिकेतील वादकांमध्ये होती. टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी २००३ च्या सुमारास गोठवलेले आणि न गोठवलेले सारखेच ट्रंपेट वादकांना, कोणता कुठला हे न सांगता, वाजवायला दिले आणि आवाज मोजला. प्रक्रियेमुळे पडलेला म्हणता येईल असा फरक आढळला नाही. वादकावादकांतला फरक त्याहून कितीतरी मोठा निघाला. फेस्ताच्या मिरवणुकीत ब्रास बँड ऐकत वाढलेल्या गोव्यातल्या माणसाला यात नवल वाटू नये. आणि ट्रंपेटचा धातू तर स्वतः आवाजाच्या वाटेवर असतो. सॉकेट त्या वाटेपासून किती दूर आहे हे वर आलेच आहे.

ज्यांना शंका आहे त्यांनी घरीच परीक्षा घ्यावी. परवानाधारक वायरमनकडून एकाच वायरवर दोन सॉकेटे शेजारी बसवून घ्यावीत, एक गोठवलेले आणि एक साधे. ऐकणाऱ्याने दुसऱ्या खोलीत जावे. घरातल्या कोणी नाणे उडवून दोहोंपैकी एकात पिन लावावी, सॉकेटांवर फडके टाकावे आणि स्वतःही खोलीबाहेर निघून जावे, म्हणजे चेहऱ्यावरून काही कळणार नाही. आवाजाची पातळी फेरीगणिक तीच ठेवावी, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो. अशा दहा फेऱ्यांत किमान नऊ वेळा अचूक ओळखता आले, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास आहे आणि दाव्याचा गांभीर्याने विचार करावा लागेल. सहा किंवा सात वेळा जमले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण नाणे उडवूनही तेवढे सहज जमते. परीक्षेसाठी अलीकडचे, तंबोरा स्पष्ट ऐकू येणारे ध्वनिमुद्रण घ्यावे. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेली ती मला प्राणप्रिय आहे, पण त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांची खरखर अशा परीक्षेला अडचणीची ठरते.

पिन काढून लावेपर्यंत अर्धा मिनिट जातो आणि तोवर कानातली आठवण पुसट होते, असा आक्षेप यावर घेतात. आठवणीबद्दल ते बरोबर आहे. पण हीच मंडळी सांगतात की काल सॉकेट बदलले आणि आज सकाळी आवाजाचा कायापालट झाला होता. रात्रभर टिकणारी आठवण अर्ध्या मिनिटात पुसली जाते, हे जुळत नाही.

‘यंत्रांना सगळेच मोजता येत नाही’

संगीताचा आनंद यंत्राने मोजता येत नाही हे मला मान्य आहे. परंतु सॉकेट आनंद वाहून नेत नाही, वीज वाहून नेते. त्याचा कोणताही परिणाम आपल्या कानापर्यंत यायचा असेल, तर तो आधी ॲम्प्लिफायरमधून स्पीकरकडे जाणाऱ्या विजेत उतरावा लागेल, आणि त्या विजेतला कानाला ऐकू येणाऱ्या मर्यादेपेक्षा कितीतरी सूक्ष्म बदल आज मोजता येतो.

नवे सॉकेट शंभर-दोनशे तास वापरल्यावरच खुलते, असेही ग्राहकाला सांगितले जाते. इतक्या तासांत ऐकणाऱ्याला नव्या आवाजाची सवय होते आणि वस्तू परत करण्याची मुदत बहुधा उलटून जाते. मला हा भाग सर्वांत क्लेशकारक वाटतो, कारण फरक ऐकू आला नाही तर दोष ग्राहकाच्या कानांकडे किंवा त्याच्या उतावळेपणाकडे जातो, आणि संगीतावर मनापासून प्रेम करणारा माणूस स्वतःच्या ऐकण्यावरच संशय घेऊ लागतो.

सॉकेट बदलल्यावर खरोखर सुधारणा झाली, असेही घडते

याचे कारण मात्र थंडीत नसते. सॉकेटाची पाती आणि प्लगची पिन एकमेकींना संपूर्ण पृष्ठभागावर चिकटलेल्या दिसल्या, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजक्याच टोकांवर टेकलेल्या असतात. जोड किती चांगला हे त्या टोकांवरचा दाब आणि तिथली स्वच्छता यांवर ठरते. मिरामार, कळंगुट किंवा वास्को अशा किनाऱ्यालगतच्या भागांत खारे वारे आणि पावसाळ्यातली चार महिन्यांची दमट हवा यांनी पितळावर हिरवट-काळसर थर चढतो. त्यात मिक्सर, इस्त्री आणि गिझर यांच्या पिना वर्षानुवर्षे घालून-काढून पात्या सैल होतात. सैल जोड तापतो, तापलेल्या पितळाची पकड आणखी ढिली होते, मग तो अधिकच तापतो. असे सॉकेट चुरचुरत असेल, तर ती चुरचुर स्पीकरमधून ऐकू येणे शक्य आहे.

अशा जागी महागडे गोठवलेले सॉकेट बसवले की आवाज साफ होतो आणि श्रेय नायट्रोजनला मिळते. प्रत्यक्षात काम नव्या, घट्ट आणि स्वच्छ पात्यांनी केलेले असते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १२९३ या मानकाप्रमाणे बनवलेले, आयएसआय चिन्ह असलेले साधे सोळा अँपिअरचे सॉकेट बसवले असते तरी हेच घडले असते.

गोव्यातल्या घरात पैसे कुठे घालावेत

माझ्या मते पहिला खर्च अर्थिंगवर व्हावा. अनेक जुन्या घरांत दोन तारांचीच वायरिंग आहे, आणि जिथे अर्थिंग आहे तिथेही जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी टिकत नसल्याने एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. कोळसा आणि मीठ घातलेल्या अशा खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत शास्त्राला धरून आहे. वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. स्पीकरमधून सतत ‘हं’ असा नाद येत असेल, तर बहुधा टीव्हीची केबल आणि ॲम्प्लिफायर यांच्या अर्थिंगमधून वीज गोल फिरत असते. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घेतली की पुष्कळदा तो नाद जातो. तो घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत, आणि हे जिवावर बेतणारे काम आहे. उपकरणात बिघाड झाला तर त्याचा धातूचा डबा २३० व्होल्टांवर जाऊ शकतो.

दुसरा खर्च खोलीवर करावा, आणि आवाजात डोळे मिटूनही कळणारी सुधारणा इथेच आहे. कौलारू जुन्या घरातल्या उंच, लाकडी माळ्याच्या खोलीत गाणे एका तऱ्हेने ऐकू येते आणि नव्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरश्या, काचेची सरकती दारे आणि सिमेंटचे छत यांच्यामध्ये अगदी वेगळ्या. हॉलच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. तिच्यामागे झणझणीत शेपूट ऐकू आले, तर तेच शेपूट प्रत्येक तानेच्या मागे लागते आहे असे समजावे. जाड पडदे, सतरंजी, कापडी सोफा आणि पुस्तकांचे उघडे कपाट यांनी ते आटोक्यात येते. खर्जाची अडचण याहून चिवट असते. चार मीटर लांबीच्या खोलीत साधारण ४३ हर्ट्‌झचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये उभा राहतो, त्यामुळे भिंतीला टेकून बसणाऱ्याला डग्गा घुमलेला ऐकू येतो आणि मधोमध बसणाऱ्याला तो जवळजवळ नाहीसा झाल्यासारखा वाटतो. अशा जागी पातळीत दहा डेसिबलांहून अधिक फरक पडणे नेहमीचे आहे. स्पीकर किंवा बसण्याची जागा दोन-तीन फूट सरकवून पाहायला पैसेही लागत नाहीत.

आधीच विकत घेतले असेल तर

बाजारातली कित्येक गोठवलेली सॉकेटे अमेरिकी पद्धतीची असतात आणि ती १२५ व्होल्टांसाठी बनवलेली असतात. सॉकेटाच्या मागच्या किंवा पुढच्या बाजूला हा आकडा कोरलेला असतो, तो आवर्जून वाचावा. १२५ व्होल्टांचे सॉकेट आपल्या २३० व्होल्टांवर वापरणे सुरक्षित नाही, आवाज कसाही येवो. शिवाय आपल्या गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही आणि मध्ये कन्व्हर्टर लावावा लागतो, म्हणजे आणखी एक सैल होणारा जोड वाढतो. गोठवताना धातूपेक्षा प्लॅस्टिक कितीतरी अधिक आक्रसते, त्यामुळे सॉकेटाच्या अंगाला केसाएवढी चीर गेलेली नाही ना, हेही उजेडात धरून पाहावे. २५० व्होल्टांचे, अखंड आणि प्लग थेट घट्ट धरणारे सॉकेट असेल तर ते आहे तिथे राहू द्यायला हरकत नाही. १२५ व्होल्टांचे असेल तर मुख्य स्विच बंद करून वायरमनकडून ते काढून घ्यावे आणि त्या जागी आयएसआय चिन्हाचे सोळा अँपिअरचे सॉकेट बसवावे.